विश्लेषण : डिझेल पिकअपच्या नाकातून लोंबणारा प्लग कशासाठी? उणे ३५ अंशांत ‘ब्लॉक हीटर’ का आणि कसा बसवतात?

कॅनडात नोकरीसाठी गेलेल्या अनेकांची पहिली मोठी खरेदी म्हणजे जुना डिझेल पिकअप. पहिल्या हिवाळ्यात तो सुरूच झाला नाही की ‘ब्लॉक हीटर’ या शब्दाची ओळख होते. छोटेसे दिसणारे हे उपकरण बसवताना झालेली एक चूक मात्र इंजिन किंवा घराचे गॅरेज गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

१३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या लोकांचे मोबाइल एकाच वेळी वाजले. थंडी उणे ४० च्या आसपास गेली होती आणि विजेची मागणी इतकी वाढली होती की टप्प्याटप्प्याने वीज घालवण्याची वेळ आली होती. सरकारी संदेशात नागरिकांना विनंती होती की अनावश्यक दिवे बंद करा, मोठी उपकरणे नंतर लावा, विजेवरच्या गाड्यांचे चार्जिंग पुढे ढकला आणि ‘ब्लॉक हीटर’ आत्ता लावू नका. काही मिनिटांतच मागणी दीडशे ते दोनशे मेगावॉटने उतरली आणि वेळ निभावली.

इंजिन गरम ठेवणाऱ्या एका उपकरणाचे नाव आणीबाणीच्या संदेशात यावे, इतके ते तिथल्या घराघरात आहे. नवख्याला मात्र ते पार्किंगमध्येच पहिल्यांदा भेटते. डिझेल पिकअपच्या जाळीतून तीन पिनांचा प्लग लोंबत असतो आणि समोर खांबावर सॉकेट असते. ही गाडी विजेवर चालते का, असा प्रश्न पडणे अगदी साहजिक आहे.

ब्लॉक हीटर म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे बादलीत पाणी तापवायला रॉड वापरतात, तोच प्रकार. इथे फक्त रॉड बादलीऐवजी इंजिनाच्या पोटात असतो. इंजिनाच्या बीडाच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती कूलंट फिरण्यासाठी पोकळी असते. त्या पोकळीत विजेची छोटी कॉइल बसवलेली असते. गाडी उभी असताना घरच्या विजेवर ती कूलंट तापवते, कूलंट ब्लॉकला ऊब देते आणि सकाळी इंजिन सुरू होते. एवढेच.

इथे एक घोटाळा आधीच दूर करायला हवा. आपल्याकडचे डिझेल मेकॅनिक ज्याला ‘हीटर प्लग’ म्हणतात, तो हा नव्हे. हीटर प्लग म्हणजे ग्लो प्लग. तो गाडीच्या बॅटरीवर चालतो, चावी फिरवल्यावर काही सेकंद सिलिंडरमधली हवा तापवतो आणि प्रत्येक सिलिंडरला एक असतो. काही इंजिनांत, उदाहरणार्थ रॅम पिकअपमधल्या कमिन्स इंजिनात, ग्लो प्लगऐवजी आत येणारी हवा तापवणारी जाळी असते. या दोन्हींचे काम सेकंदांचे आहे, ब्लॉक हीटरचे काम तासांचे. हीटर प्लग चांगले असूनही ब्लॉक हीटर का लागतो, याचे उत्तर डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे.

थंडीत डिझेल इंजिनच जास्त का अडते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे सगळी भिस्त दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. हवा १६ पट दाबली आणि उष्णता कुठेही गळू दिली नाही, असे धरले तर ३० अंशांची हवा सुमारे ६४५ अंशांपर्यंत तापते. पुण्यातल्या सकाळी हे ठीक. पण सुरुवात उणे ३५ पासून केली तर तीच हवा जेमतेम ४५० अंशांपर्यंत पोहोचते. बाहेरचा ६५ अंशांचा फरक सिलिंडरच्या आत जवळपास २०० अंशांचा होतो. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती, पिस्टन, हेड हे सारे बर्फासारखे गार असते आणि ते त्या हवेतली उष्णता शोषून घेते. त्यात इंजिन हळू फिरत असेल तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायलाही वेळ मिळतो.

आणि इंजिन हळूच फिरते. कारण चेंबरमधले ऑईल काकवीसारखे घट्ट झालेले असते. ऑईलच्या डब्यावरच्या ‘१५डब्ल्यू-४०’ मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा आहे. आपल्याकडे चालणारे १५डब्ल्यू तिकडच्या कडाक्यात चालत नाही. तिथे ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू घालतात. दुसरीकडे बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांना चांगली बॅटरीही आपल्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपासच काम देते. म्हणजे ज्या दिवशी इंजिन फिरवायला सर्वाधिक जोर हवा, त्याच दिवशी सेल्फ मारणाऱ्या बॅटरीत जोर नसतो. अमेरिकी डिझेल पिकअपमध्ये दोन-दोन बॅटऱ्या असतात, त्या यासाठीच.

यातून जे घडते ते ऐकायला सोपे आणि अनुभवायला वाईट. सेल्फ रडत रडत फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो (तो म्हणजे न पेटलेले डिझेल), दहा-बारा प्रयत्नांत बॅटऱ्या बसतात. शहरात असाल तर कामावरचा दिवस बुडतो. तेलविहिरींच्या परिसरात किंवा प्रेअरीतल्या एखाद्या शेतावर, जिथे जवळचे गाव ५० किलोमीटरवर आहे, तिथे हा प्रश्न जिवाचा होतो.

वैतागून काही जण हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारतात. ग्लो प्लग किंवा हवा तापवणारी जाळी असलेल्या इंजिनात हे कधीही करू नये. तापलेल्या भागाला ईथर लागले तर भलत्याच वेळी स्फोट होतो, आणि पिस्टनपासून हवेच्या पाइपापर्यंत काहीही फुटू शकते.

ही कल्पना सुचली कोणाला?

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यांना. ते तिथल्या एका वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. जुन्या इस्त्रीतली कॉइल आणि तांब्याची नळी यांची जुळवाजुळव करून त्यांनी पहिला नमुना बनवला आणि ८ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्यांचा हीटर सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी बसवायचा होता. वीज विकणाऱ्या माणसाने रात्रभर वीज खाणारे यंत्र शोधावे, यात धंद्याची नजरही असणारच. पण गरज खरी होती, म्हणून ते टिकले.

तो गाडीत आधीच असेल तर?

पैसे खर्च करण्यापूर्वी पाहायची ही पहिली गोष्ट. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये, विशेषतः फोर्ड आणि रॅमच्या, हीटरची कॉइल कारखान्यातच ब्लॉकमध्ये बसवलेली असते. नसते ती फक्त बाहेर येणारी वायर. दक्षिणेकडच्या राज्यात विकलेला ट्रक पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून उत्तरेत येतो, तेव्हा हे हमखास आढळते. ब्लॉकच्या बाजूला दोन-तीन पिना असलेले, टोपण घातलेले तोंड दिसले तर काम अर्ध्या तासाचे आहे. त्या इंजिनासाठीची वायर घ्यायची, जोडायची आणि जाळीपर्यंत आणायची.

कॉइल जिवंत आहे का, हे मल्टिमीटर सांगतो. तिकडची वीज १२० व्होल्टची. ७५० वॉटची कॉइल असेल तर दोन पिनांमध्ये सुमारे १९ ओहम रोध दाखवायला हवा, १००० वॉटची असेल तर १४ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. पिन आणि ब्लॉकचे लोखंड यांच्यात जोड दाखवत असेल तर ती शॉर्ट आहे, आणि अशी कॉइल चुकूनही सॉकेटला लावायची नाही.

एक गंमत लक्षात ठेवावी. काही ट्रकांच्या वायरमध्येच थर्मोस्टॅट असतो. ठरावीक थंडीच्या खाली गेल्याशिवाय तो करंट पुढे सोडतच नाही. ऑक्टोबरच्या उबदार दुपारी प्लग लावून ‘हीटर जळला’ असा निष्कर्ष काढणारे आणि नवा हीटर विकत घेणारे लोक दर वर्षी असतात. म्हणून मोजणी वायर काढून थेट कॉइलच्या पिनांवर करायची.

नवा हीटर बसवतात कसा?

कॉइल नसेल तर खरे काम सुरू होते. सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे ब्लॉकमधला एक ‘वेल्श प्लग’ काढून त्या भोकात हीटर बसवणे. पत्र्याच्या छोट्या वाटीसारख्या या प्लगला इंग्रजीत ‘फ्रीज प्लग’ही म्हणतात. पाणी गोठले की तो बाहेर पडतो आणि ब्लॉक वाचतो, अशी समजूत त्यामुळे पसरली आहे. नशीब असेल तर तसे होतेही, पण ती भोके त्यासाठी नाहीत. ब्लॉक ओतताना आतली पोकळी ज्या वाळूच्या गाभ्याने तयार होते, ती वाळू नंतर बाहेर काढण्यासाठी ती असतात. कोल्हापूरच्या फौंड्रीत काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

कोणत्या भोकात हीटर बसवायचा हे इंजिनागणिक ठरलेले असते आणि हीटरच्या सूचनापत्रकात लिहिलेले असते. हाताला लागेल ते भोक निवडायचे नाही. आत सिलिंडरची भिंत किती जवळ आहे यावर सगळे अवलंबून असते. कॉइल आतल्या लोखंडाला टेकली तर ती तिथेच तापून जळते. म्हणूनच कॉइलचा वळलेला भाग कोणत्या दिशेला ठेवायचा, हेही पत्रकात दिलेले असते.

काम इंजिन पूर्ण गार असताना करायचे. गरम रेडिएटरचे झाकण उघडून हात भाजून घेणाऱ्यांची कमतरता कोणत्याही देशात नाही. बॅटरीच्या वायरी सोडवायच्या, खाली भांडे ठेवून कूलंट काढायचे. हे कूलंट चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. कुत्री ते चाटतात, लहान मुलेही तोंड लावू शकतात. सांडलेले लगेच पुसायचे आणि भांडे उघडे ठेवायचे नाही.

मग वेल्श प्लग. इथे नवशिके चुकतात. छिन्नी मध्यभागी ठेवून जोरात हाणली तर प्लग सरळ आत जातो आणि कूलंटच्या पोकळीत पडतो. तो बाहेर काढणे म्हणजे मोठाच उद्योग. बरोबर पद्धत अशी की प्लगच्या एका कडेवर हलके ठोके द्यायचे. ती कड आत जाते, समोरची कड बाहेर येते आणि प्लग आडवा फिरतो. मग पकडीने धरून ओढून घ्यायचा. प्लग निघताच आत उरलेले कूलंट भसकन बाहेर येते, तेव्हा तोंड समोर ठेवू नये.

भोकाची आतली कड बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वर्षानुवर्षांचा गंज आणि जुने सीलंट तिथे बसलेले असते. त्यावरच हीटरची ओ-रिंग बसवली तर आज गळणार नाही, पण उणे ३० ला, सगळे आकसल्यावर, नक्की गळेल. ओ-रिंगला कूलंटचा किंवा पत्रकात सांगितलेल्या ग्रीसचा हात लावायचा, हीटर सरळ आत सरकवायचा, दिशा तपासायची आणि मधला स्क्रू सांगितल्याइतकाच आवळायचा. ‘अजून थोडा’ हा मोह टाळावा. काही इंजिनांत वेल्श प्लगऐवजी आट्यांचा प्लग असतो. तिथे काम सोपे, पान्ह्याने जुना काढून नवा हीटर घट्ट करायचा.

नंतर कूलंट भरायचे. शुद्ध कूलंट जास्त चांगले, असे समजून पाणी न मिसळता ओतणारे लोक असतात. उलटे आहे. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. निम्मे पाणी मिसळले की तेच मिश्रण उणे ३७ पर्यंत तग धरते, आणि ६० टक्के ग्लायकॉल ठेवले तर उणे ५० च्याही खाली. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिले असेल तर मात्र त्यात आणखी पाणी घालायचे नाही.

आणि आता तो एक नियम, जो मोडल्याने सर्वाधिक हीटर मरतात. कूलंट भरून, इंजिन सुरू करून, पूर्ण तापेपर्यंत चालवून, आतली हवा बाहेर पडल्याशिवाय हीटर विजेला लावायचा नाही. ‘चालतो का बघू’ म्हणून कोरडा लावला, किंवा कॉइलभोवती हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर ती काही क्षणांत जळते. हे इंजिन चालवणे उघड्यावर करायचे. दार बंद गॅरेजमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो. इंजिन पुन्हा गार झाल्यावर हीटरभोवती ओल नाही ना, हे पाहायचे आणि कूलंटची पातळी पुन्हा तपासायची.

हे वाचूनच दमछाक झाली असेल तर काम मेकॅनिककडे द्यावे, त्यात कमीपणा नाही. चेंबरला बाहेरून चिकटवायचे रबरी हीटर पॅड किंवा रेडिएटरच्या पाइपात जोडायचा हीटर, असे सोपे पर्यायही मिळतात. पॅड ऑईल पातळ करतो, पण सिलिंडरच्या भिंतींना त्याची ऊब फारशी पोहोचत नाही. कडाक्याच्या प्रदेशात तो ब्लॉक हीटरच्या जोडीला चांगला, त्याच्याऐवजी नाही. कोणताही मार्ग घ्या, पण काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरका. उणे २५ ला उघड्यावर, बधिर बोटांनी ओ-रिंग बसवायची वेळ स्वतःवर आणू नये.

वायर म्हणजे दुय्यम काम का नाही?

कारण आग तिथूनच लागते. डिसेंबर २०१८ मध्ये फोर्डने ब्लॉक हीटरच्या केबलमधील दोषामुळे उत्तर अमेरिकेतील सुमारे ८ लाख ७४ हजार पिकअप दुरुस्तीसाठी परत बोलावले होते. केबलच्या जोडात पाणी आणि घाण शिरून गंज चढत होता आणि त्यातून शॉर्ट सर्किटचा, म्हणजेच आगीचा धोका होता. कारखान्यात बनलेल्या केबलची ही कथा, तर घरी चिकटपट्टी गुंडाळून केलेल्या जोडाचे काय होईल, याचा विचार करावा. हिवाळ्यात तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर उडून नेमके या जोडात बसते.

म्हणून इंजिनापासून जाळीपर्यंत वायर अखंड असावी. एक्झॉस्ट, पंखा आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून ती लांब न्यावी, जागोजागी केबल टाय मारावेत, प्लगला टोपण असावे. भिंतीपासून गाडीपर्यंतची एक्स्टेन्शन घराबाहेर वापरण्याजोगी, अर्थिंग असलेली, तीन पिनांची हवी. साधी घरगुती वायर उणे ३० ला काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की वरचे आवरण तडकते. वायर जाडही हवी. १५०० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. दिवाळीच्या माळेची वायर त्याला पुरत नाही. प्लग लावलेला असतानाच गाडी चालू करून सॉकेटसकट निघून जाणे हा तिकडचा नेहमीचा विनोद आहे. स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

भारतात आणण्यासाठी कोणी अमेरिकेतून हीटर मागवणार असेल तर व्होल्टेज पाहावे. १२० व्होल्टसाठी बनवलेली ७५० वॉटची कॉइल आपल्या २३० व्होल्टला जोडली तर ती सुमारे पावणेतीन हजार वॉट ओढू पाहते. ती जळणारच. फक्त ती एकटी जळेल की आणखी काही घेऊन, एवढाच प्रश्न.

किती वेळ लावून ठेवायचा?

डिझेल पिकअपसाठी साधारण तीन ते चार तास. रॅममधील ६.७ लिटरचे कमिन्स इंजिन सुमारे ५०० किलोचे आहे. एवढे लोखंड आणि त्यातले कूलंट ७५० वॉटवर तीन तास तापवले तर हिशेबाने तापमान २५-३० अंशांनी वाढते, तेही बाहेर जाणारी उष्णता न धरता. म्हणजे उणे ३५ चे इंजिन उणे १० च्या आसपास येते. इंजिन ‘गरम’ होत नाही, सुरू होण्याजोगे होते. पुढे जेवढी ऊब आत जाते तेवढीच बाहेर पडू लागते. म्हणून रात्रभर लावून ठेवण्यात फायदा थोडा आणि खर्च भरपूर. तीन तासांना सव्वादोन युनिट, दहा तासांना साडेसात. घराबाहेर चालणारा टायमर घेतला की पहाटे तीनला हीटर लागतो आणि सातला गाडी तयार असते.

हवामानाच्या बातमीत ‘जाणवणारे तापमान’ उणे ४५ सांगतात, ते माणसाच्या कातडीसाठी. इंजिन हवेच्या खऱ्या तापमानाखाली जात नाही, वाऱ्याने फक्त लवकर गार होते. पारा उणे १५-२० च्या खाली जाणार असेल तर प्लग लावावा, हा सर्वसाधारण दंडक. नवी इंजिने त्याखालीही सुरू होतात, पण थंडगार, कोरड्या भिंतींवर पिस्टन घासत सुरू होण्याने त्यांचे आयुष्य झिजते ते वेगळेच.

हीटर लावूनही गाडी बंद का पडते?

ही तक्रार सर्रास येते आणि दोष हीटरचा नसतो. गाडी सुरू होते, दोन किलोमीटर जाते, गचके देते आणि थांबते. डिझेलमध्ये मेण असते. थंडीत त्याचे बारीक स्फटिक बनतात, डिझेल गढूळ होते आणि ते स्फटिक फिल्टर बंद करून टाकतात. ब्लॉक हीटर इंजिन तापवतो, मागच्या टाकीतले डिझेल नाही. त्यावर उपाय टाकीत काय भरले आहे, हाच. कॅनडात आणि उत्तर अमेरिकेत पंपांवर हिवाळ्यात पातळ, केरोसीनच्या जातीचे मिश्रण मिळते. पण उन्हाळ्यात भरलेली टाकी तशीच ठेवून, किंवा दक्षिणेतून टाकी भरून उत्तरेला आलेला ट्रक अडकतो. मिश्रणाची पावडर-बाटली मेण बनण्याआधी घालायची असते, एकदा डिझेल थिजल्यावर ती बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते.

लडाखमध्ये काय करतात? महाराष्ट्रात याची गरज आहे का?

लेहमध्ये जानेवारीतल्या रात्री पारा उणे १५-२० पर्यंत उतरतो, द्रासमध्ये त्याहून खाली. तिथल्या ट्रक आणि पिकअपचालकांनी वर्षानुवर्षे जुगाडावर हिवाळे काढले. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे, रात्री मधूनमधून इंजिन चालवत राहणे, सकाळी टाकीखाली किंवा चेंबरखाली स्टोव्ह पेटवणे. हा शेवटचा उपाय किती धोक्याचा, हे सांगायला नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे ‘विंटर ग्रेड’ डिझेल आणले. पानिपतच्या रिफायनरीत ते तयार होते. त्याने टाकीचा प्रश्न बराचसा सुटतो, इंजिनाचा उरतो.

तिथे ब्लॉक हीटर सर्रास दिसत नाही, याचे एक कारण वीज. श्रीनगर-लेह वीजवाहिनीने लडाख राष्ट्रीय जाळ्याशी जोडला गेला तो फेब्रुवारी २०१९ मध्ये. शिवाय गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे सॉकेट हवे. त्यामुळे गाडीच्याच टाकीतले थोडे डिझेल जाळून कूलंट तापवणारे हीटर तिथल्या रस्त्यांसाठी जास्त सोयीचे, पण ते ब्लॉक हीटरपेक्षा बरेच महाग आहेत. भारतीय पिकअपमध्ये वेल्श प्लगच्या जागी हीटर बसवता येतो. मात्र त्या इंजिनासाठी, त्या भोकाच्या मापाचा आणि २३० व्होल्टचा मिळाला तरच. ‘जवळपास बसतो’ असा हीटर घेऊ नये.

महाराष्ट्रात वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठले किंवा निफाडचा पारा पाचवर आला की पहिल्या पानावर बातमी होते. त्या थंडीला ब्लॉक हीटर लागत नाही. डिसेंबरात सकाळी पिकअप अडत असेल तर आधी बॅटरी, मग हीटर प्लग आणि डिझेल फिल्टर पाहावेत, ऑनलाइन दिसणारा हीटर मागवू नये. तरीही हे उपकरण आपल्या ओळखीचे आहे, फक्त गाडीत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या किंवा डेटा सेंटरच्या तळघरातला डिझेल जनरेटर वीज गेल्यावर काही सेकंदांत पूर्ण भार घेतो, कारण त्याचे कूलंट बाराही महिने विजेवर कोमट ठेवलेले असते. पुण्यात १९६२ पासून इंजिने बनवणाऱ्या कमिन्सच्या कामगारांना तो ‘जॅकेट वॉटर हीटर’ म्हणून माहीत आहे. रुग्णालयातल्या जनरेटरची तपासणी करणाऱ्याने इंजिन बंद असताना ब्लॉकला हात लावून पाहावा. तो गार लागला तर हीटर बंद आहे, आणि हे वीज जाण्याआधी कळलेले बरे.